बॅटरीवरच्या वायरलेस सेन्सरसाठी मॉड्युलेशन निवडताना: हिशोब, सेटिंग आणि जागेवरच्या अडचणी

सासवडजवळच्या अंजिराच्या बागेत मातीचा ओलावा मोजणारा नोड (सेन्सर, रेडिओ आणि बॅटरीचा डबा) बसवायचा आहे आणि त्याची पॅकेट ऐकून सर्व्हरकडे पोचवणारा गेटवे दोन किलोमीटरवरच्या घराच्या गच्चीवर आहे. दुसरीकडे कोथरूडमधल्या सोसायटीत वरच्या टाकीची पातळी खाली पंपरूममध्ये कळवायची आहे. दोन्हीकडे बॅटरी आणि रेडिओ चिप तीच असू शकते, मॉड्युलेशन (रेडिओलहरीवर बिट चढवण्याची पद्धत) मात्र वेगळं लागतं. लोरा हे लांब पल्ल्याचं, पण सावकाश बोलणारं मॉड्युलेशन. 'लोरा लावा, लांब जातं' एवढ्यावर दोन्ही कामं उरकली, तर सोसायटीतला नोड प्रत्येक पॅकेटला आठपट वीज उधळतो आणि बागेतला नोड एसएफ१२ या लोराच्या सर्वांत संथ सेटिंगवर अडकून बसतो.

निवडीसाठी मोजमाप एकच ठेवा: एक पॅकेट पलीकडे पोचवायला बॅटरीतून किती मिलिअँपिअर-सेकंद गेले. ३६०० मिलिअँपिअर-सेकंद म्हणजे १ मिलिअँपिअर-तास, त्यामुळे बॅटरीवर छापलेल्या आकड्याशी थेट ताळा बसतो. 'पोचवायला' हा शब्द महत्त्वाचा, कारण स्वस्तात पाठवलेलं पॅकेट तीनदा पाठवावं लागलं तर ते स्वस्त राहत नाही.

आधी अँप्लिफायर, मग मॉड्युलेशन

पाठ्यपुस्तकात तुलना बिटामागे लागणाऱ्या ऊर्जेची असते. एक लाख बिटांत एक चूक चालवून घेतली तर कोहेरंट बीपीएसकेला (लहरीची फेज उलटवून बिट सांगणारी पद्धत) ईबी बाय एनझिरो, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत बिटामागची ऊर्जा, सुमारे ९.६ डीबी लागतो (डीबी हे पटींचं माप, ३ डीबी म्हणजे दुप्पट), १६-क्यूएएमला साडेतेराच्या आसपास आणि ६४-क्यूएएमला जवळपास १८. साधी, फेज न ओळखता वाचलेली एफएसकेसुद्धा (फ्रीक्वेन्सी बदलून बिट सांगणारी पद्धत) १३.४ डीबी मागते. हे आकडे पाहून बीपीएसके घ्यावंसं वाटतं. पण त्यात ट्रान्समीटरचा अँप्लिफायर धरलेला नाही, आणि बॅटरी रिकामी करतो तो अँप्लिफायरच.

क्यूएएम आणि ओएफडीएममध्ये (अनेक वाहक लहरी एकदम पाठवणारी पद्धत) सिग्नलची उंची सतत बदलते. शिखरं कापली जाऊ नयेत म्हणून अँप्लिफायर त्याच्या कमाल क्षमतेच्या बराच खाली चालवावा लागतो. क्लास बी अँप्लिफायरची सैद्धांतिक कार्यक्षमता पूर्ण ताकदीवर ७८.५ टक्के असते. ६ डीबी खाली आणला की ती निम्मी, म्हणजे ३९ टक्के होते. क्लास ए तर ५० वरून साडेबारा टक्क्यांवर घसरतो. याउलट एफएसके, जीएमएसके, अर्ध-साइन आकाराची ओ-क्यूपीएसके आणि लोराचा चर्प यांची उंची स्थिर असते, त्यामुळे अँप्लिफायर बिनधास्त सॅच्युरेशनमध्ये चालवता येतो. एलटीईच्या मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या दिशेत ओएफडीएम न घेता सिंगल कॅरिअर एफडीएमए घेतलं, एनबी-आयओटीत (मोबाइल टॉवरवरून चालणारं सेन्सरचं नेटवर्क) पाय बाय २ बीपीएसके आणि पाय बाय ४ क्यूपीएसके आलं, ते शिखरं बुटकी ठेवण्यासाठीच.

याचा अर्थ क्यूएएम नेहमी उधळं असतं असा नाही. अंतर काही मीटरच असेल तर अँप्लिफायरपेक्षा ऑसिलेटर, मिक्सर आणि प्रोसेसर जास्त वीज खातात. तिथे दाट मॉड्युलेशनने काम झटकन उरकून झोपी जाणं फायद्याचं ठरतं. कॅमेऱ्याचा फोटो पाठवायचा असेल तर लोराच्या नादी लागू नका, वायफाय चालू करा, फोटो ढकला आणि बंद करा. पुढचा सगळा मजकूर काही बाइटच्या पॅकेटसाठी आहे.

बँड आणि सामान

भारतात विनापरवाना वापरायचा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. २००५ च्या अधिसूचनेत तो ८६७ पर्यंत होता, २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढला. ट्रान्समीटर पॉवर जास्तीत जास्त १ वॅट, अँटेनासकट ४ वॅट, आणि कॅरिअर बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ. शेवटची अट बरेच जण वाचत नाहीत. परदेशी उदाहरणांतला कोड जसाच्या तसा उचलला की त्यात ९१५ मेगाहर्ट्झ आणि ५०० किलोहर्ट्झ बँडविड्थ येते. आपल्याकडे ते दोन्ही चालत नाही, आणि २५० किलोहर्ट्झही चालत नाही. लोरावॅनचे (लोरावर चालणाऱ्या नेटवर्कच्या नियमावलीचे) ठरलेले चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ आहेत.

नारायणगाव-खोडद भागात काही बसवायचं असेल तर आधी पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्राकडे विचारणा करा. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीचा एक बँड ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ आहे, आणि तुमचा ८६५ त्याला अगदी खेटून आहे.

इथला हिशोब सेमटेकच्या एसएक्स१२७६ चिपवर केला आहे, कारण तीवर बेतलेले मॉड्यूल सगळीकडे मिळतात आणि तीच चिप एफएसके व लोरा दोन्ही करते. नवीन एसएक्स१२६२ ऐकताना निम्म्याहून कमी करंट घेते. नव्याने बोर्ड काढणार असाल तर तीच घ्या, पद्धत तीच राहते. पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा ऑनलाइन अँटेना घेताना ती ४३३ ची की ८६८ ची हे पाहा. दोन्ही सारख्याच काळ्या दांड्या असतात आणि पाकिटावर नुसतं 'लोरा' लिहिलेलं असतं. हाताशी नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) असेल तर ८६५ ते ८६७ मध्ये व्हीएसडब्ल्यूआर (अँटेना किती सिग्नल परत फेकते याचं माप) २ च्या खाली आहे का बघा. काहीच नसेल तर ८.२ सेंटिमीटरची सरळ तार आणि खाली ग्राउंडचा पत्रा किंवा चार काड्या, हे अनोळखी दांडीपेक्षा बरं. अँटेना न लावता ट्रान्समिट कधीही करू नका, अँप्लिफायर जातो.

जवळचं काम: जीएफएसके

सोसायटीच्या टाकीसाठी एसएक्स१२७६ एफएसके मोडमध्ये चालवा. बिट रेट ३८.४ किलोबिट, डेव्हिएशन (फ्रीक्वेन्सी मधल्या मूल्यापासून किती सरकते) २० किलोहर्ट्झ, गॉसियन फिल्टर (जीएफएसकेतला 'जी') बीटी ०.५. मॉड्युलेशन इंडेक्स म्हणजे दोनदा डेव्हिएशन भागिले बिट रेट, इथे साधारण १.०४ येतो. हा ०.५ च्या खाली नेऊ नका. साध्या रिसीव्हरला १ च्या आसपास सर्वांत सोपं पडतं.

रिसीव्हरची बँडविड्थ ठरवताना बहुतेकांची चूक होते. एका बाजूची गरज म्हणजे डेव्हिएशन अधिक निम्मा बिट रेट: २० अधिक १९.२, म्हणजे ३९.२ किलोहर्ट्झ. त्यात क्रिस्टलची तफावत मिळवा. ८६५ मेगाहर्ट्झवर १० पीपीएम (दहा लाखांत दहा) म्हणजे ८.६५ किलोहर्ट्झ, आणि दोन्ही टोकांचे क्रिस्टल उलट दिशेने सरकले तर १७.३. बेरीज साडेछप्पन्न, म्हणून चिपमधला पुढचा पर्याय ६२.५ किलोहर्ट्झ निवडा. एएफसी (फ्रीक्वेन्सी आपोआप जुळवणं) चालू ठेवा म्हणजे रिसीव्हर स्वतः थोडा जुळवून घेतो. जास्त रेंजच्या हव्यासाने ४.८ किलोबिट आणि १०.४ किलोहर्ट्झची अरुंद खिडकी लावली, तर टेबलावर सगळं झकास चालतं. एप्रिलमध्ये गच्चीवरचा डबा तापला की मात्र दुपारी बारा ते चार नोड गायब होतो आणि संध्याकाळी आपोआप परत येतो. हे लक्षण दिसलं की बॅटरीवर संशय घेण्याआधी क्रिस्टल तपासा.

२५ बाइटच्या पॅकेटला प्रीअँबल, सिंक (दोन्ही रिसीव्हरला जुळवून घ्यायला) आणि सीआरसी (चूक तपासणारे बाइट) धरून सुमारे ३५ बाइट होतात, ते ७.३ मिलिसेकंदांत संपतात. लोराच्या सर्वांत वेगवान नेहमीच्या सेटिंगला, एसएफ७ ला, त्याच २५ बाइटसाठी ६१.७ मिलिसेकंद लागतात. किंमत म्हणून जीएफएसकेत संवेदनशीलता (किती क्षीण सिग्नल वाचता येतो) तेरा-पंधरा डीबीने सोडावी लागते. एका इमारतीच्या आत ती बहुधा परवडते. पंपरूममध्ये आरएसएसआय (येणाऱ्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये, म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत डीबीत) वाचा: उणे ९० किंवा त्याहून चांगला असेल तर जीएफएसकेवरच थांबा. तळघरात सिग्नल कमी पडत असेल तर मॉड्युलेशन बदलण्याआधी अँटेना टाकीच्या लोखंडी झाकणावरून आणि सळयांच्या जाळीपासून दूर सरकवून पाहा.

लांबचं काम: लोराची उतरंड

एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, एका सिंबॉलमध्ये बसणारे बिट. लोरात एका सिंबॉलचा वेळ म्हणजे दोनाचा एसएफवा घात भागिले बँडविड्थ. १२५ किलोहर्ट्झवर एसएफ७ चा सिंबॉल १.०२४ मिलिसेकंद, एसएफ१२ चा ३२.७६८. लोरावॅनच्या १३ बाइट ओझ्यासकट एकूण २५ बाइट, कोडिंग रेट ४/५ (दर चार बिटांमागे एक जादा, चूक दुरुस्तीसाठी) आणि ८ सिंबॉलचा प्रीअँबल धरला तर एअरटाइम (पॅकेट हवेत असण्याचा वेळ) आणि डेटाशीटमधली संवेदनशीलता अशी:

एसएफ७: ६१.७ मिलिसेकंद, उणे १२३ डीबीएम
एसएफ८: ११३, उणे १२६
एसएफ९: २०६, उणे १२९
एसएफ१०: ४१२, उणे १३२
एसएफ११: ८२३, उणे १३३
एसएफ१२: १४८३, उणे १३६

एसएफ११ आणि १२ ला लो डेटा रेट ऑप्टिमायझेशन चालू असावं लागतं. एका टोकाला चालू आणि दुसऱ्याला बंद असेल तर प्रीअँबल दिसतो पण सीआरसी कायम चुकतो.

एक पायरी वर चढलं की साधारण ३ डीबी मिळतात आणि वेळ जवळपास दुप्पट होतो. पॉवर ३ डीबीने वाढवली तरी हवेतली ताकद दुप्पटच होते. कागदावर दोन्ही सारखंच. गोम अशी की बॅटरीचा करंट हवेतल्या ताकदीच्या प्रमाणात वाढत नाही. एसएक्स१२७६ च्या डेटाशीटप्रमाणे ७ डीबीएमला २० मिलिअँपिअर, १३ ला २९, १७ ला ८७ आणि २० ला १२० लागतात. ७ वरून १३ म्हणजे ६ डीबी जवळपास फुकट. १३ वरून १७ ला करंट तिप्पट, कारण तिथे चिप साध्या आउटपुटवरून पीए बूस्ट या जादा ताकदीच्या अँप्लिफायरच्या पिनवर जाते. १७ वरून २० पुन्हा स्वस्त, ३ डीबीला फक्त १.४ पट.

दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की खरी उतरंड दिसते. एसएफ७ आणि १३ डीबीएम हा शून्य बिंदू धरू. डावीकडे सेटिंग, मग फक्त ट्रान्समिटचा खर्च मिलिअँपिअर-सेकंदांत, मग शून्य बिंदूपेक्षा मिळालेले जादा डीबी:

एसएफ७, ७ डीबीएम: १.२, उणे ६
एसएफ७, १३ डीबीएम: १.८, शून्य
एसएफ८, १३ डीबीएम: ३.३, ३
एसएफ७, १७ डीबीएम: ५.४, ४
एसएफ९, १३ डीबीएम: ६.०, ६
एसएफ७, २० डीबीएम: ७.४, ७
एसएफ१०, १३ डीबीएम: ११.९, ९
एसएफ८, २० डीबीएम: १३.६, १०
एसएफ९, २० डीबीएम: २४.७, १३
एसएफ१२, १३ डीबीएम: ४३.०, १३
एसएफ१२, २० डीबीएम: १७८, २०

शेवटून दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून वाचा. एसएफ९ वर २० डीबीएम आणि एसएफ१२ वर १३ डीबीएम, दोन्हींचा पल्ला तोच. पण पहिल्यात निम्म्याहून थोडीच जास्त वीज लागते, आणि हवा दीड सेकंदाऐवजी पाव सेकंदाहून कमी वेळ अडते. 'पॉवर कमी ठेवली म्हणजे बॅटरी वाचते' हा समज इथे अंगाशी येतो. उलट ३ ते ६ डीबीच कमी पडत असतील तर पॉवरला हात न लावता एसएफ८ किंवा एसएफ९ घ्या.

ही उतरंड जशीच्या तशी तुमच्या मॉड्यूलला लागू होईलच असं नाही. आरएफएम९५ सारख्या मॉड्यूलवर फक्त पीए बूस्टची पिन अँटेनापर्यंत आणलेली असते, मग १३ डीबीएमला २९ मिलिअँपिअर मिळत नाहीत, जास्त लागतात. आणि कोडमध्ये चुकून साधं आउटपुट निवडलं तर चिप इमानदारीत न जोडलेल्या पिनवर सिग्नल टाकते. नोड दहा मीटरवर दिसतो, गल्लीच्या टोकाला नाही. म्हणून आपल्या मॉड्यूलचा करंट ७, १३, १७ आणि २० ला स्वतः मोजून वरचा तक्ता पुन्हा लिहा.

२० डीबीएम वापरताना दोन गोष्टी सांभाळा. चिपची करंट मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १०० मिलिअँपिअर असते आणि इथे १२० लागतात. मर्यादा १४० पर्यंत न वाढवल्यास पॉवर मुकाट्याने कमी राहते, कुठलाही एरर येत नाही. दुसरं, या पॉवरला डेटाशीट १ टक्का ड्यूटी सायकल (एकूण वेळेतला पाठवण्याचा वाटा) आणि ३:१ पर्यंतच व्हीएसडब्ल्यूआर मानते. दर १५ मिनिटांनी २०६ मिलिसेकंदांचं पॅकेट ही मर्यादा गाठत नाही, पण चाचणीसाठी सलग पॅकेट सोडत बसलात तर गाठेल.

बॅटरीलाही हा झटका झेपला पाहिजे. ३.६ व्होल्टची एए आकाराची लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटरी वर्षानुवर्षं टिकते, पण एकदम १२० मिलिअँपिअर मागितले की तिचा व्होल्टेज कोसळतो, विशेषतः बरेच दिवस स्वस्थ पडून आतल्या लिथियमवर थर जमला असेल तर. शेजारी कपॅसिटर हवा. २४.७ मिलिअँपिअर-सेकंद देताना ०.३ व्होल्टच घसरण चालणार असेल तर ८२ मिलिफॅरड लागतात, म्हणजे ०.१ फॅरडचा सुपरकपॅसिटर. १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक इथे चिमणीच्या चोचीतलं पाणी. मात्र नाण्याच्या आकाराचे स्वस्त सुपरकपॅसिटर घेऊ नका, त्यांचा आतला रोध ३० ओहमसुद्धा असतो आणि १२० मिलिअँपिअरला तिथेच ३.६ व्होल्ट पडतात. हा रोध (ईएसआर) १ ओहमच्या खाली आहे का, आणि गळती किती मायक्रोअँपिअर, हे पाहूनच घ्या.

बाइटांच्या पायऱ्या

तापमान, आर्द्रता आणि बॅटरी अक्षरांत लिहून पाठवली तर २५ बाइट सहज होतात. तेच आकडे दहाने किंवा शंभराने गुणून पूर्णांकात भरले तर ५ बाइट पुरतात. एसएफ१० वर लोरावॅनचे १३ बाइट धरून पहिल्याला ४९४ मिलिसेकंद, दुसऱ्याला ३३०. एक तृतीयांश वीज फक्त लिहिण्याच्या पद्धतीत गेली.

लोरा बिट ठोकळ्यांनी भरतो, म्हणून एअरटाइम पायऱ्यांनी वाढतो. एसएफ१० वर तुमचा डेटा ७ बाइट असो की ११, वेळ तोच: ३७१ मिलिसेकंद. बारावा बाइट टाकला की पूर्ण ४१ मिलिसेकंदांची नवी पायरी लागते. तेव्हा बाइट वाचवायला बसण्याआधी आपण कोणत्या पायरीवर आहोत ते काढा. ११ वरून ८ वर आणण्यात काही हशील नाही, १२ वरून ११ वर आणण्यात दहा टक्के आहे.

कोडिंग रेट ४/५ वरच ठेवा. ४/८ केला तर एसएफ१० च्या एकूण २५ बाइटच्या पॅकेटला ४१२ ऐवजी ५५९ मिलिसेकंद लागतात आणि पल्ल्यात फारसा फरक पडत नाही. मोटारीच्या स्टार्टरसारखा क्षणिक गोंगाट शेजारीच असेल तेव्हाच त्याचा उपयोग.

ट्रान्समिट संपल्यावरची गळती

लोरावॅनचा नोड पॅकेट पाठवल्यावर एका सेकंदाने आणि दोन सेकंदांनी असं दोनदा ऐकतो. भारतीय आराखड्यात दुसरी खिडकी ८६६.५५० मेगाहर्ट्झवर एसएफ१० ला असते. ८ सिंबॉल ऐकायचे तर ६५ मिलिसेकंद गुणिले ११ मिलिअँपिअर, म्हणजे ०.७ मिलिअँपिअर-सेकंद. हे सोसावंच लागतं. पण मधले दोन सेकंद रेडिओ स्टँडबायमध्ये राहिला तर १.६ मिलिअँपिअरने ३.२ मिलिअँपिअर-सेकंद जातात. एसएफ७ च्या अख्ख्या पॅकेटला १.८ लागतात हे लक्षात घ्या. मायक्रोकंट्रोलरही जागा राहून ८-१० मिलिअँपिअर घेत असेल तर पाठवण्यापेक्षा वाट पाहणं दहापट महाग पडतं. रेडिओ स्लीपमध्ये टाका, मायक्रोकंट्रोलर टायमरवर झोपवा.

आता दिवसाचा हिशोब. दर १५ मिनिटांनी एक, म्हणजे ९६ पॅकेट. एसएफ७, १३ डीबीएम, दोन्ही खिडक्यांसकट दिवसाला ०.०७ मिलिअँपिअर-तास. एसएफ१२, १३ डीबीएमला १.२४. एसएफ१२, २० डीबीएमला पावणेपाचच्या आसपास. बोर्ड झोपेत ५ मायक्रोअँपिअर घेत असेल तर त्याचेच दिवसाला ०.१२ होतात. म्हणजे एसएफ७ वर पोचलात की रेडिओ हा मोठा खर्च राहतच नाही, पुढचा वेळ झोपेच्या करंटवर घालवा.

तिथे पहिला संशयित नेहमी रेग्युलेटर. एएमएस१११७ स्वतःसाठीच ५ मिलिअँपिअर घेतो, दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास. २४०० ची बॅटरी वीस दिवसांत संपेल, मग मॉड्युलेशन कुठलंही असो. एमसीपी१७०० लावा, तो २ मायक्रोअँपिअरच्या आत भागवतो. पॉवरचा एलईडी काढून टाका. ओलाव्याच्या सेन्सरचा पुरवठा मॉसफेटने तोडा.

मोजायचं कसं? ट्रान्समिटसाठी बॅटरीच्या वाटेत १ ओहमचा रेझिस्टर घालून ऑसिलोस्कोपवर पाहा: २९ मिलिअँपिअर म्हणजे २९ मिलिव्होल्ट, आणि रुंदी म्हणजे एअरटाइम. रुंदी तक्त्याशी जुळली नाही तर कोडमध्ये तुम्ही समजता ते सेटिंग लागलेलं नाही. झोपेचा करंट या रेझिस्टरवर दिसत नाही. मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजवर तो दिसतो, पण नोड जागा होताच मीटरवरच इतका व्होल्टेज पडतो की बोर्ड रीसेट होतो. मीटरच्या दोन्ही टोकांना स्विच जोडून ठेवा, ट्रान्समिटच्या वेळी तो चालू करून मीटर वगळा आणि झोपेत बंद करा म्हणजे करंट मीटरमधून जाईल. वारंवार करायचं असेल तर नॉर्डिकचं पॉवर प्रोफायलर किट २ घ्या, २०० नॅनोअँपिअरपासून १ अँपिअरपर्यंत एकाच आलेखात दिसतं.

जागेवर

१. गेटवेची अँटेना आधी शक्य तितकी उंच करा आणि गेटवे तिच्या जवळच ठेवा. आरजी-५८ ची १० मीटर केबल ५ डीबीच्या आसपास खाते. वर उल्लेखलेल्या उतरंडीत ५ डीबीची किंमत काय आहे ते पाहा. इथरनेटची केबल वर न्या, अँटेनाची खाली आणू नका.

२. नोडची अँटेना उंच करा. सपाट रानात दोन किलोमीटरवर जमिनीवरून परावर्तित होणारा सिग्नल थेट सिग्नलला खात असतो, तिथे उंची दुप्पट केली की साधारण ६ डीबी मिळतात. दीड मीटरऐवजी तीन मीटरचा पाइप म्हणजे एसएफ९ वरून एसएफ७. एवढ्या स्वस्तात मॉड्युलेशनने काहीच मिळत नाही.

३. एसएफ१० वर २० तरी पॅकेट पाठवून गेटवेवरचा एसएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती डीबी वर किंवा खाली) लिहून घ्या. एसएफ७ ला किमान उणे ७.५ डीबी लागतो आणि प्रत्येक पायरीला अडीचने कमी, म्हणजे एसएफ१० ला उणे १५, एसएफ१२ ला उणे २०.

४. त्यातून १० डीबी राखीव वजा करा. समजा एसएनआर ३ आला: ३ ते उणे १५ असे १८, वजा १०, उरले ८. तीन-तीनच्या दोन पायऱ्या उतरा, एसएफ८ घ्या. खर्च ४१२ वरून ११३ मिलिसेकंदांवर येतो.

राखीव १० डीबी पिकासाठी असतात. पाहणी लागवडीच्या वेळी झाली आणि दौंड-बारामतीकडे आडसाली ऊस असेल, तर दीड वर्षात तो अँटेनाच्या डोक्यावर जातो. तिथे १० डीबीवर विसंबू नका, पाइपच उसापेक्षा उंच घ्या. पावसाच्या थेंबांमुळे ८६५ मेगाहर्ट्झवर सांगण्याजोगी घट होत नाही. जुलैत सिग्नल पडला तर ओली पानं किंवा कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी शोधा. कनेक्टरवर आपोआप चिकटणारी रबराची टेप खालून वर गुंडाळा.

शहरात गच्चीवर गेटवे असेल आणि समोरच मोबाइलचा टॉवर असेल तर वेगळाच घोटाळा होतो. ८५० बँडचे टॉवर ८६९ मेगाहर्ट्झपासून वर पाठवतात, तुमच्यापासून जेमतेम २ मेगाहर्ट्झवर. गेटवेचा रिसीव्हर त्याने बधिर होतो आणि सगळे नोड एकाच वेळी 'लांब' गेल्यासारखे वागतात. नोडची पॉवर वाढवणं हा त्यावरचा सर्वांत महाग उपाय. गेटवेला ८६५-८६७ चा अरुंद कॅव्हिटी फिल्टर लावा, किंवा अँटेना टाकीच्या आडोशाला हलवा.

एडीआर आणि गुरुवार

जागेवर स्थिर असलेल्या नोडला एडीआर (सर्व्हरने नोडचा एसएफ आणि पॉवर आपोआप ठरवणं) चालू ठेवा, वरच्या यादीतला चौथा हिशोब सर्व्हर स्वतः करत राहतो. ट्रॅक्टरवर किंवा जनावराच्या गळ्यात असलेल्या नोडला बंद ठेवा. प्रत्येक पॅकेटची पोच मागू नका. ओलाव्याचं एखादं वाचन हुकलं तर काही बिघडत नाही, पोच न मिळाल्याने होणारे फेरप्रयत्न मात्र बॅटरीला भोवतात.

एडीआरचा परतीचा रस्ताही माहीत असू द्या. ६४ पॅकेट सर्व्हरकडून काहीच आलं नाही की नोड विचारणा सुरू करतो, आणखी ३२ पॅकेट शांतता राहिली की आधी पॉवर चढवतो, मग दर ३२ ला एक एसएफ. दर १५ मिनिटांचा नोड ९६ पॅकेटना २४ तास घेतो, त्यामुळे गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली आणि गेटवे बंद पडला तरी त्याला पत्ता लागत नाही. दर ५ मिनिटांचा नोड आठ तासांत उंबरठ्यावर येतो. दर मिनिटाचा नोड दीड तासातच चढायला लागतो आणि दुपारपर्यंत एसएफ१२ वर असतो. वीज आल्यावर तो खाली उतरतो, पण सर्व्हरला पुरेशी पॅकेट मिळेपर्यंत महागाने बोलत राहून. त्याच वेळी कोणी नोड रीसेट केला तर आणखी वाईट: नेटवर्कमध्ये पुन्हा नोंद (जॉइन) होत नाही म्हणून तो एसएफ१२ वर हाका मारत सुटतो. जॉइनच्या फसलेल्या प्रयत्नांमध्ये १ मिनिट, ५ मिनिटं, मग तासभर अशी वाढती विश्रांती कोडमध्ये घाला.

आणि गेटवेला बॅटरी द्या. ५ वॅट घेणारा गेटवे १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या यूपीएस बॅटरीवर रूपांतरातली घट धरूनही दहा-अकरा तास सहज निघतो. फायबरचा मोडेमही त्याच बॅटरीवर घ्या, नाहीतर गेटवे जागा राहील, पॅकेट ऐकेल, पण सर्व्हरपर्यंत वाटच नसल्याने नोडला उत्तर मिळणार नाही आणि वरची सगळी चढाई तशीच होईल.